हाफिजची तौबा आणि धाकटीची सुई

त्याला सगळे हाफिज म्हणत. दुधाचे दात पडायच्या वयात त्यानं अख्खं कुराण तोंडपाठ केलं, आणि आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव तेव्हापासून मागे पडलं ते पडलंच. शाळेत हाफिज, गल्लीत हाफिज, विद्यापीठात गेला तिथंही आठवड्याच्या आत हाफिज. बाप शिंपी. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, मशीन आत ठेवलं की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. बापाला लेकाचं कौतुक एवढं, की कुणी पँट आखूड करायला आलं तरी खडू फिरवता फिरवता सुरू व्हायचा, "आमचा हाफिज इंजिनियर होतोय. दीन-धरम पण आणि दुनिया पण." पायाशी टाचण्या टोचलेलं गिऱ्हाईक बिचारं, पळणार कुठं?

पोरगा होताही कौतुक करण्यासारखा. सिमेंट, रेती, पूल, इमारती यांचं शिक्षण घेत होता आणि राहायला मुसलमान मुलांच्या वसतिगृहात होता. वरच्या मजल्यावर मोडक्या खाटा ठेवायची एक खोली होती, ती मुलांनी रिकामी करून झाडूनपुसून नमाजासाठी केली. पुढे उभं कोण राहणार? हाफिज. आवाज असा, की ज्याला एक अक्षर कळत नसे तोही डोळे मिटून ऐकत राहायचा.

पुढे उभ्या राहणाऱ्याकडे मागचे प्रश्न घेऊन येतातच. केसांना तेल चोपडलेलं असलं तर नमाजाआधी हातपाय धुण्याचा वुजू होतो का, परीक्षेत नापास व्हायची भीती वाटली तर कुठली दुआ म्हणावी, मुलीच्या वहीवर फूल काढलं तर ते पाप मोठं की लहान. हाफिज सगळ्यांना उत्तर देई. उत्तर येत नसलं तरी आवाज डगमगत नसे. त्याच्या खोलीत राहणारा एक उंचच उंच मुलगा होता, त्याला लंबू म्हणत. तो चिडवायचा, "तू इंजिनियर झालास की पूल पडला तरी लोक म्हणतील, हाफिजनं बांधलाय, काहीतरी चांगल्यासाठीच पडला असेल."

एकदा विद्यापीठाच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वसतिगृहात आली. डोक्याला रुमाल बांधलेली, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी, शोभेल अशा वयाची. तिनं फळ्यावर लिहिलं, संबंधातून लागणारे आजार. लिहिल्याबरोबर मागच्या बाकांवर खोकल्याची साथच आली.

"खाला, तुम्ही पत्ता चुकलात," लंबू म्हणाला. "हे आजार पलीकडच्या वसतिगृहात मिळतात."

पोरं खदखदून हसली. ती पण हसली. म्हणाली, "आजार पत्ता विचारत नाही रे बाळा. दार उघडं दिसलं की शिरतो."

एकजण उठला. "आमच्यात निकाहाआधी असलं काही होतच नाही. मग तपासणी कशाला? तपासायला जाणं म्हणजे केलंय म्हणून कबूल करणंच की."

दुसरा बसल्या जागेवरून म्हणाला, "ज्यानं केलं त्यानं भोगावं. सजा आहे ती."

"आणि त्याच्या बायकोनं?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. "तिनं कसली सजा भोगायची?"

ती पुढं सांगत राहिली. कुठला फोड कसा दिसतो, दुखतो का नाही, रक्तात कसा उतरतो. फळ्यावर एक गोल काढला, मध्ये खोलगट. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. शेवटी वसतिगृहाच्या साहेबांनी हाफिजला दोन शब्द बोलायला सांगितलं. हाफिज उठला आणि म्हणाला, की आपल्याला दार बंद ठेवायला शिकवलंय, बंद दाराला कडीकुलपाची काळजी नको. टाळ्या पडल्या.

"आणि कुणाच्या हातून उघडलं गेलं असेल तर?" ती बाई काही सोडेना.

"तौबा करावी," हाफिज म्हणाला. "मनापासून तौबा केलेला माणूस आज जन्मल्यासारखा स्वच्छ होतो."

"बेटा, तौबेला मीही मानते. माणसानं तौबा करावी आणि सुईही घ्यावी. आजाराला माफी मागता येत नाही आणि देताही येत नाही."

ती गेल्यावर लंबूनं तिच्या चालण्याची नक्कल केली, आणि विषय तिथंच संपला.

संपला म्हणजे काय, उलट्या बाजूनं सुरू झाला. खालच्या मजल्यावर जाड चष्म्याचा एक मुलगा होता. तो दवाखान्यात, कातडीच्या आजारांची रांग लागते तिथं बसलेला कुणालातरी दिसला. झालं. वसतिगृहात पोरं जेवायला पाच-सहाजण एका मोठ्या ताटाभोवती बसत, सगळ्यांचे हात एकाच भातात. बरकत असते त्यात. आता चष्मेवाला बसला की त्याच्या आजूबाजूची जागा ऐसपैस व्हायला लागली. दोघं-तिघं हाफिजकडे आले. काय करायचं?

हाफिजनं विचार केला आणि म्हणाला, "त्याला टोचून बोलू नका. मन दुखवू नका कुणाचं. फक्त त्याचं ताट वेगळं करा. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की ऐकणाऱ्यांना ती मायाच वाटली. चष्मेवाला थोडे दिवस खिडकीशी बसून वेगळ्या ताटात जेवला. मग एका सकाळी पेटी उचलून गेला. शिक्षणही सोडलं म्हणे. पुढं कळलं, त्याला नायटा झाला होता.

शेवटून दुसऱ्या वर्षी थंडीच्या दिवसांत हाफिजच्या वर्गाला पूल बांधायचं काम बघायला बंदराच्या गावी नेलं. काम बघून झालं. परतायच्या दिवशी दुपार मोकळी होती. बरोबरची काही मुलं म्हणाली, चल फिरून येऊ. कुठं फिरायचंय ते न सांगता सगळ्यांना कळलं होतं, आणि हाफिजलाही कळलं होतं. तो नको म्हणाला, पण नको म्हणत म्हणत चालतच राहिला. अरुंद जिना, खाली मासळीच्या हातगाड्या, वर एक पडदा. आतल्या बाईनं सवयीनं विचारलं, नाव काय तुझं? हाफिज असं सांगवेना. मग आईबापांनी ठेवलेलं नाव आठवायला त्याला बराच वेळ लागला. सांगितलं तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

मुक्कामाच्या जागी येऊन तो न्हाणीघरात शिरला, तो इतका वेळ, की मालकानं दार ठोठावलं. "अहो, टाकी एकट्यासाठी भरलेली नाही!"

परत आल्यावर काही आठवड्यांनी तो फोड आला. दुखेना, खाजेना, पण होता. फळ्यावर बाईनं काढलेला गोल, तस्साच. हाफिज त्याच दिवशी दवाखान्यात गेला. रांगेत पहिल्या वर्षातला एक मुलगा बसला होता, रोज नमाजाला त्याच्या मागं उभा राहणारा. तो अदबीनं उठला. "हाफिजभाई, बसा ना. तुम्ही कसे काय इथं?"

"डोकं दुखतंय."

आणि हाफिज डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत आला.

मग त्यानं त्याला ठाऊक होता तो उपाय केला. तौबा. वरवरची नाही, मनापासूनची. दिवसाआड रोजा धरला. सजद्यात कपाळ टेकलं की उठवेना. नमाज पढवताना आवाज फाटायचा, आणि मागं उभी राहिलेली पोरंही मुसमुसायची. त्या दिवसांत वरच्या खोलीत जागा पुरेना, पोरं जिन्यात उभी राहायला लागली. लंबूसुद्धा यायला लागला, म्हणजे बघा.

आणि फोड सुकला. एके सकाळी पाहिलं तर कातडी पूर्वीसारखी. हाफिज तिथंच भिंतीला टेकून रडला. तौबा कबूल झाली! याहून मोठी खूण कुठली हवी? आता खरं म्हणजे डॉक्टरीणबाईनं त्या दिवशी हेही सांगितलं होतं, की हा फोड आपोआप जातो आणि दुखणं मुकाट्यानं रक्तात उतरतं, तेव्हाच सावध व्हायचं. पण ती हे सांगत होती त्या वेळी हाफिज मनात आपल्या भाषणाची जुळवाजुळव करत बसला होता.

पुढं तळहातांवर तांबूस ठिपके उठले. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्यांना तसं होतंच.

"हातमोजे घालत जा नवरदेव," लंबू म्हणाला. "नाहीतर मेंदीची गरजच नाही."

कारण सुट्टीत हाफिजचा निकाह होता. मामूच्या मुलीशी. मामू गाद्या भरायचा, पुढं कापूस पिंजायचं यंत्र आणि मागं घर. चार मुलींतली ही शेवटची, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. हिशेबाचं शिक्षण घेत होती, हसायची खोड होती. रडण्याच्या जागीसुद्धा आधी हसायची आणि मग रडायची. लहानपणी हाफिजबरोबर कापसाच्या ढिगात उड्या मारलेल्या. आता निकाह झाल्यावर बायकांनी तिला बजावलं, नवऱ्याला तुम्ही म्हणायचं.

"तुम्ही पाणी घेणार का?" तिनं विचारलं, आणि स्वतःच फिसकन हसली. "ए, मला नाही जमत. तू पाणी घे आणि मी मनात तुम्ही म्हणते."

हाफिजला वाटलं, हिला सांगावं. मग वाटलं, ज्याची वर माफी झाली ते उकरून काय काढायचं? वरच्यानं झाकलेलं पाप माणसानं उघडं करू नये, असं तो स्वतःच पोरांना सांगत आला होता. त्यानं झाकून ठेवलं. पोरीला काय झाकलंय ते कळायचं कारणच नव्हतं.

सुट्टी संपली. हाफिज शेवटच्या वर्षासाठी वसतिगृहात परतला, धाकटी सासरी राहिली आणि तिथूनच कॉलेजला जायला लागली. सासू म्हणजे सख्खी फुफीच, बापाची बहीण, तेव्हा परकेपणा नव्हता. महिने गेले, पोट दिसायला लागलं, तशी हाफिजची अम्मी तिला घेऊन बाळंतपणाच्या दवाखान्यात गेली. रक्त तपासलं. दुसऱ्या खेपेला नर्सनं दोघींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात आजाराचं नाव सांगितलं. सुई आजच घ्या म्हणाली, आणि नवऱ्याला बोलवा.

अम्मीनं एवढंच ऐकलं. सुनेचं मनगट धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी हाफिजला फोन आला.

"जेवलास का?" अम्मी आधी तेच विचारायची.

"अजून नाही."

"जेव. आणि जेवल्यावर ऐक. नाही, आत्ताच ऐक. तिच्या रक्तात घाण निघाली रे. कसली ते माझ्या तोंडातून नाही निघायची. माझ्या सख्ख्या भावाची पोर! कॉलेजला पाठवायला नको होतं. बरं, तू घाबरू नकोस. तिला मामूकडं पोचवलंय. तुझ्या नावाला धक्का लागू देणार नाही मी."

बोलायची वेळ हीच होती. अम्मी, ती नाही, मी. एवढं बोलायचं होतं. पण हाफिजच्या तोंडून आलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईकडे गेला. या वेळी रांगेत कोण बसलंय ते त्यानं पाहिलंच नाही. तिनं तपासलं, रक्त घेतलं, सुई टोचली.

"लग्न झालंय?"

"हो."

"दिवस गेलेत?"

त्यानं मान हलवली.

बाईनं हातातलं खाली ठेवलं. "तिला सुई मिळाली का?"

"नाही."

"मग इथं बसलायस काय? बाळ पोटात आहे तोवर तिची सुई बाळालाही पोचते. उशीर झाला तर..." तिनं त्याच्या खिशाकडं बोट केलं. "लाव फोन. मी बोलते तिच्याशी."

"मी सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

सुई अर्धी अर्धी दोन्हीकडं टोचली होती, दवाखान्यातून निघताना त्याचे दोन्ही कुल्ले ठणकत होते. तो स्वतः बरा होण्याच्या वाटेला लागला होता.

त्यानं फोन करायच्या आधी धाकटीचाच फोन आला. मागं यंत्राचा घरघराट चालू होता.

"ए, एक विचारू? हसू नकोस. हे संडासातून होतं का रे? कॉलेजच्या संडासाला कडी नाही, पाणी नसतं, मुली कशाही जातात. मी दुसरीकडं कुठं गेलेच नाही. तू शिकलेला आहेस, खरं सांग."

हाफिजनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना?"

"होत असेल," तो म्हणाला.

"बघ! मी तेच म्हणत होते." तिचा आवाज एकदम हलका झाला. "मग आता फुफीला तू सांग. त्या म्हणतात, सुई घेतली की कबूल केल्यासारखं होतं. आमची अम्मी म्हणते, दवाखान्यातली ती नर्स आपल्याच गल्लीत राहते, गावभर होईल. अब्बांना तर कुणी काही सांगितलंच नाही, रक्त कमी आहे एवढंच माहीत आहे त्यांना. मी परवा एकटीच निघाले होते. दवाखान्याच्या फाटकाशी ती नर्सच उभी. माघारी आले. तू फुफीला एक फोन कर ना. त्या तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत."

"परीक्षा आलीय. ती झाली की येतो. सगळं नीट करतो."

"बाळ थांबेल का परीक्षेला?" ती म्हणाली, आणि सवयीनं हसली.

एक फोन. सगळं त्या एका फोनावर येऊन अडलं होतं. हाफिजनं तो केलाही, बरेचदा केला. अम्मी, जेवलीस का, अब्बांचं मशीन दुरुस्त झालं का, इथं ऊन फार आहे, आणि फोन ठेवून दिला. रोज मनाशी म्हणायचा, उद्या. इतक्या वर्षांत कुणाला मऊ आवाजात काहीही पटवणारा माणूस, आणि आईपुढं त्याला एवढं एक वाक्य जमेना.

एकदा लंबूपाशी सुरुवात केली. "लंबू, समज, आपल्यातल्याच एखाद्याला तसला आजार झाला..."

लंबूनं पुस्तकातून डोकं काढलं. "कोण रे, कोण? सांग की. त्याचंही ताट खिडकीशी मांडू."

हाफिज उठून तोंड धुवायला गेला.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन तो तसाच मामूकडं गेला. दुपार होती. मामू तोंडाला फडकं बांधून यंत्रात कापूस सारत होता, भुवया पांढऱ्या झालेल्या. मामी दारातच भेटली. "आलास? बरं झालं. कालपासून म्हणते, बाळ हलत नाही. पहिलटकरणींना काय कळतं, झोपलं असेल."

ते ऐकल्यावर हाफिजच्या तोंडाचं कुलूप निघालं. तो यंत्राजवळ गेला आणि ओरडून म्हणाला, "मामू, ते माझ्याकडून गेलंय तिच्याकडं."

"काय गेलंय?" मामूही ओरडूनच म्हणाला. त्याला काही ऐकू येत नव्हतं आणि ठाऊक तर त्याहून नव्हतं.

मग हाफिजला पहिल्यापासून सांगावं लागलं. मामूनं यंत्र बंद केलं. आवाज थांबला तरी कापूस हवेतून खाली उतरतच राहिला, दोघांच्या डोक्यावर, खांद्यावर. मामी दारात बसकण मारून राहिली. मामूनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"परीक्षेच्या आधीपासून."

मामूनं तोंडावरचं फडकं सोडलं. "परीक्षा कशी गेली?"

"बरी," हाफिज म्हणाला. विचारलं की सांगायची सवय.

मामू आत गेला, लेकीला धरून बाहेर आणलं आणि रिक्षा थांबवली. हाफिजला ये म्हणाला नाही, येऊ नको म्हणाला नाही. हाफिज मागून चालत गेला.

मुलगी होती. पोटातच गेलेली. दवाखान्यातल्या बाईनं कपड्यात गुंडाळून दिली. मामूनं घरून नवा कापूस आणि पांढरं कापड आणवलं. हातांनी जन्मभर गाद्या भरणारा माणूस, त्यानं तो कापूस इतका सावकाश लावला, की बघणाऱ्या नर्सनं तोंड फिरवलं. कबरस्तानातही त्यानं स्वतःच खड्ड्यात उतरून ठेवली. हाफिजनं दुआ म्हणायला तोंड उघडलं, तर मामू म्हणाला, "मी म्हणतो." मामूला एक लहानशीच येत होती. तीच म्हणाला.

धाकटीला पहिली सुई दिली होती. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. हाफिज खाटेशी उभा राहिला.

"तू संडास म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"मी त्या संडासावरून कॉलेजच्या मोठ्या बाईंशी भांडून आले. तुमच्या घाणीनं मला आजार दिला म्हणाले. कडी बसवून घेतली." तिला हसू आलं नाही. "फुफीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"आता सांग. माझ्यासमोर. चार बायका बसलेल्या असतील तेव्हा. त्यांच्यासमोर मला मान खाली घालायला लावली ना, त्यांच्याचसमोर."

ती घरी आली. बायका भेटायला यायला लागल्या, दुःखाला येतात तशा. मागच्या खोलीत गाद्या अंथरलेल्या, त्यावर शेजारणी, थोरल्या बहिणी आणि मधोमध हाफिजची अम्मी. अम्मी भावाच्या घरी आली होती खरी, पण सुनेपासून हातभर लांब बसली होती. तिच्या कपाला आपला कप लागू देत नव्हती.

हाफिज दारात येऊन उभा राहिला. चौकट धरून बोलला.

"अम्मी, हिचा काही दोष नाही. आजार माझा होता. मी आणला, माझ्यामुळं हिला झाला. माझ्यामुळंच पोर गेली."

धाकटीनं मान वर केली, पहिल्यांदाच.

अम्मी उठली. हाफिजपाशी आली. एक हात वर झाला, आणि सगळ्यांना वाटलं आता मारते. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढलं आणि रडायला लागली.

"बघितलंत?" ती बायकांना म्हणाली. "ज्याच्या छातीत कुराण आहे ना, तो असा असतो. बायकोची अब्रू झाकायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय माझा बाळ."

"अम्मी, नाही. मी खरं सांगतोय. बंदराच्या गावी आम्ही गेलो होतो, तिथं..."

"पुरे. तुला माझी शपथ आहे."

"किती मोठं मन," एक शेजारीण पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आमच्या पोरांनी उलट बायकोकडंच बोट दाखवलं असतं."

"धाकटे, जन्मभर विसरू नकोस गं हे," दुसरी म्हणाली. "असा नवरा हाताला लागत नाही."

"मी पाप केलंय!" हाफिज म्हणाला. "मी डॉक्टरांकडं जाऊन स्वतः सुई घेतली आणि हिला सांगितलं नाही. मी खोटं बोललो हिच्याशी!"

त्याचा आवाज वर चढला आणि फाटला. तोच आवाज, ज्यानं जिन्यात उभी राहिलेली पोरं रडायची. आता बायका रडायला लागल्या. एका म्हातारीनं डोक्यावरून ओढणी पुढं घेतली आणि पुटपुटत हात पसरून दुआ मागायला लागली. तो जितकं खरं बोले, तितकं त्यांना ते थोर वाटे. एवढ्यात मामी काहीतरी बोलायला पुढं झाली. तिनं तर त्या दुपारी दारात बसून सगळं ऐकलं होतं. पण जमलेल्या चेहऱ्यांकडं तिनं पाहिलं, आपल्या मुलीकडं पाहिलं, आणि चहा बघते म्हणून आत गेली.

धाकटी भिंतीचा आधार घेऊन उठली. पुढच्या खोलीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "अब्बा, आज दुसऱ्या सुईचा दिवस आहे. निघायचं का?"

मामू चपला पायात सरकवतच आला.

ती दारात पोचली तसा हाफिज आईच्या मिठीतून सुटायची धडपड करत म्हणाला, "मी येऊ?"

"तू बस," ती म्हणाली. "तुझं कौतुक चाललंय."

बापलेक गल्लीत उतरले. तिला भरभर चालवत नव्हतं, मामू तिच्या पावलानं चालला होता. कोपऱ्यावर ती नर्स कामावर निघालेली दिसली. धाकटी थांबली नाही. तिनंच नर्सला हाक मारली आणि तिघं मिळून पुढं गेली.

आत बायकांनी सरकून सरकून गादीवर मधली जागा मोकळी केली. कुणीतरी हाफिजला खांद्याला धरून तिथं बसवलं. चहा आला. अम्मीनं पहिला कप त्याच्या हातात दिला, आणि एक शेजारीण आपल्या नातवाला पुढं ढकलून म्हणाली, "ह्याच्या डोक्यावर जरा हात ठेव, बाळा."

हाफिजनं हात ठेवला.